बूम आपोआप खाली येतोय? सील बदलण्याआधी तेलाची वाट शोधा

वाचकाचं पत्र:

काका, सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. बाबांनी घेतलेला जुना बॅकहो लोडर (पुढे माती उचलणारे लोडरचे हात, मागे खोदणारा बूम) आता मी बघतो. ड्रेनेजच्या आणि पाइपलाइनच्या खोदकामाची कामं घेतो. गेल्या पावसाळ्यात साइटवर बूमचा होज पाइप फुटला. तिथेच, चिखलात उभं राहून, नवा बसवला. त्यानंतर काही दिवसांतच बूम आपोआप खाली यायला लागला. संध्याकाळी बकेट छातीएवढ्या उंचीवर ठेवली तर सकाळी जमिनीला टेकलेली असते. काम चालू असतानाही उतरत राहते, आणि ऑपरेटर म्हणतो दुपारी जास्तच. बाहेर कुठे तेल गळत नाही, टाकीतली पातळीही तेवढीच. मिस्त्रींनी बूम सिलिंडरचं सील किट दोनदा बदललं, काडीचा फरक नाही. आता एक जण म्हणतो पंप गेला. दुसरा म्हणतो अख्खा कंट्रोल व्हॉल्व्ह बदला, भंगारातून आणून देतो. बाबा म्हणतात ऑपरेटरने मशीन झोडपलं, त्याच्या पगारातून कापून घे. तूर्त बूमखाली लाकडी ठोकळा लावतो. ऑपरेटर आणि मजूर दुपारचा डबा तिथेच सावलीत खातात. सील तिसऱ्यांदा बदलू का? लोडरचे हातही जरा बसतात, ते वेगळं दुखणं आहे का?

उत्तर:

सगळ्यात आधी ती डब्याची जागा बदला. आजच, हे वाचून झाल्याबरोबर साइटवर फोन करा. जो बूम स्वतःच्या वजनाने उतरतो आहे हे तुम्हाला माहीत आहे, त्याच्याखाली माणसं जेवायला बसवायची नाहीत. लाकडी ठोकळा सरकतो, फाटतो, काळ्या मातीत एका बाजूने रुततो. आणि बूमचं वजन काही शे किलोंचं असतं. खंदकात पाइप जुळवणारा माणूस उतरला असेल तेव्हा बकेट त्याच्या डोक्यावर थांबलेली नको. बूम बाजूला फिरवून बकेट जमिनीवर टेकवायची, मग माणूस खाली. रस्त्याने मशीन नेताना बूम वर असतो, तेव्हा बूम लॉक अडकवलेलं हवं. जुन्या मशीनवर ते लॉक गंजून निकामी झालेलं असतं किंवा त्याची पिन कुणीतरी दुसरीकडे वापरलेली असते. तुमचं आहे का बघा. नसेल तर बाकीची दुरुस्ती थांबली तरी चालेल, ते आधी करून घ्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. सील तिसऱ्यांदा बदलू नका. दोनदा बदलून शून्य फरक पडला, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती आहे. सील नीट बसलं असेल तर दोष सिलिंडरबाहेर आहे. सिलिंडरमध्येच असेल तर किट बदलून न जाणाऱ्या एखाद्या जागी आहे. दोन्हीपैकी काय, ते ठरवायला मशीन उघडावं लागत नाही, मोजावं लागतं.

पंपाचं म्हणणं लगेच बाजूला ठेवता येईल. रात्री इंजिन बंद असतं, पंप फिरतच नाही, तरी बूम उतरतो. म्हणजे बूम धरून ठेवणारं तेल सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या भागात अडकलेलं असतं आणि तिथूनच कुठेतरी निसटतं. पंप झिजला तर बूम सावकाश उचलेल, खोदताना दम कमी वाटेल. पण इंजिन बंद असताना बूम बसण्याशी त्याचा संबंध नाही. मेन रिलीफ व्हॉल्व्हचंही (पंपाकडचा जादा दाब टाकीत सोडणारा) तेच. कुणी त्याचा स्क्रू कसून ‘आता बघा’ म्हणाला तर हात धरा. बूम बसायचा थांबणार नाही, उलट होज आणि पंपावरचा ताण वाढेल.

मग तेल जातं कुठे? ते कळायला वजन सिलिंडरच्या कुठल्या बाजूवर आहे हे बघावं लागतं. बहुतेक बॅकहोवर बूम वर जाताना सिलिंडरचा रॉड आत खेचला जातो. तुमच्या मशीनजवळ उभे राहून ऑपरेटरला बूम उचलायला सांगा आणि डोळ्यांनी खात्री करा. तसं असेल तर बूमचं वजन रॉडला बाहेर ओढतं आणि रॉडच्या बाजूचं तेल ते पेलून धरतं. या तेलाला पळायला तीनच वाटा आहेत. पिस्टनवरून मागच्या बाजूला. किंवा होजमधून व्हॉल्व्हपर्यंत आणि तिथून टाकीत. किंवा ग्लँडच्या (रॉड सिलिंडरबाहेर येतो त्या तोंडाच्या) सीलमधून वा एखाद्या जोडातून बाहेर. तिसरी वाट तुम्ही स्वतःच खोडली आहे: बाहेर तेल नाही, पातळी उतरत नाही. राहिल्या दोन.

लोडरच्या हातांचं गणित याच्या उलट आहे. तिथे हात वर जाताना रॉड बाहेर येतो, वजन रॉडला आत ढकलतं आणि मागच्या बाजूचं तेल भार घेतं. समजा तिथल्या पिस्टनचं सील पार गेलं, पण व्हॉल्व्ह मात्र घट्ट आहे. तेल पिस्टन ओलांडून रॉडच्या बाजूला जाईल; पण तिथे रॉडने जागा अडवलेली असते, म्हणून मागून निघालेलं सगळं तेल तिथे मावत नाही. बाहेर पडायला दार नाही. दाब वाढतो, हात थोडे बसतात आणि थांबतात. 110 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि 65 मिलिमीटर रॉड धरला तर हा दाब मूळच्या पावणेतीन पटीच्या वर जातो. म्हणून लोडरचे हात बसतच राहत असतील तर तेल नक्की टाकीकडे परत जातं आहे. तिथे सीलआधी व्हॉल्व्हकडे बघायचं. बूममध्ये तसं नाही, तिथे एकट्या पिस्टनच्या गळतीनेही बूम पूर्ण खाली येऊ शकतो. एकाच मशीनवर एकच लक्षण, पण संशयित वेगळे. हा फरक न पाहता दोन्हीकडे किट घालत बसलेले मिस्त्री मी पाहिले आहेत. मेहनतीत ते कमी नसतात, पण मालकाचे पैसे पाण्यात जातात.

तेव्हा आधी मोजणी. सकाळच्या थंड मशीनवर नको. तास-दोन तास काम करून तेल नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. सपाट जागा, स्टॅबिलायझर (मशीनचे टेकूचे पाय) टेकलेले, बकेट रिकामी. बूम अर्ध्या उंचीवर आणा, बकेटच्या खाली वीतभर अंतर ठेवून रेल्वेच्या जाड स्लीपरची थप्पी रचा. त्या थप्पीवर मशीन ठेवायचं नाही. काही चुकलं तर बूम अडावा म्हणून ती असते. इंजिन बंद. ग्लँडपासून मोजून रॉडवर मार्करने खूण करा, घड्याळ लावा, दहा मिनिटांनी रॉड किती मिलिमीटर बाहेर आला ते वहीत लिहा. हेच दोन-तीन वेळा करा. बकेट किती उतरली ते मोजू नका. बूमच्या लांबीमुळे रॉडचा एक सेंटिमीटर टोकाला कितीतरी मोठा होऊन दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किती मिलिमीटरपर्यंत चालतं ते दिलेलं असतं. त्याच्याशी ताडून बघा.

रात्रीच्या उताराबद्दल एक गोष्ट समजून घ्या. हायड्रॉलिक तेल थंड होताना आकसतं, दर अंश सेल्सिअसला साधारण 0.07 टक्के. संध्याकाळी 60 अंशांवर असलेलं तेल पहाटे 30 वर आलं तर मीटरभर लांबीच्या तेलाच्या स्तंभात दोन सेंटिमीटरच्या वर फरक पडतो, एक थेंबही न गळता. म्हणजे सकाळी बूम थोडा खाली दिसला म्हणून मशीन आजारी ठरत नाही. तुमचा बूम छातीपासून जमिनीपर्यंत येतो, ते नुसत्या आकसण्याने होणारं नाही, गळती आहेच. पण निर्णय दहा मिनिटांच्या गरम मोजणीवर घ्यायचा, रात्रीच्या उतारावर नाही.

आणि किती तेल निसटल्यावर हे होतं, तेही बघा. वरच्याच मापाचा सिलिंडर धरला तर रॉड एक सेंटिमीटर बाहेर यायला साधारण 62 मिलिलिटर तेल लागतं. राजवाड्यासमोर पोह्यांबरोबर जो कट चहा मिळतो, जेमतेम तेवढं. इतकं थोडं तेल केसाहून बारीक फटीतूनही जातं, म्हणून दोष डोळ्यांना दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मोजणी हातात आली की सिलिंडर की व्हॉल्व्ह, हा निवाडा करायचा. मला सगळ्यात भरवशाची वाटणारी पद्धत अशी. बूम सिलिंडरच्या रॉड बाजूच्या तोंडावर, होज जोडतो तिथे, मधे एक हाय प्रेशर बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. नळाच्या दुकानातला पितळी नाही. हायड्रॉलिकसाठी बनलेला, त्यावर किमान 350 बार कोरलेलं असेल असा. या मशीनमध्ये सिस्टिमचा दाब 200 ते 250 बारच्या आसपास असतो. होज बनवून देणाऱ्या चांगल्या दुकानात हा मिळतो, ओळख असेल तर दोन दिवसांसाठीही देतात. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात किंवा देवास नाक्याकडे विचारा. पीथमपूरला केसचे बॅकहो बनतात, त्यामुळे तिकडेही या यंत्रांची जाण असलेली माणसं भेटतील. बसवताना बकेट जमिनीवर टेकलेली, इंजिन बंद, सगळे लिव्हर तीन-चार वेळा पुढेमागे करून दाब सोडलेला, टाकीचं झाकण हळूहळू सैल केलेलं. जोड उघडण्याआधी तो भाग ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ धुवा. बसवून झाल्यावर बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून बूम सावकाश काही वेळा वरखाली करा, म्हणजे आत शिरलेली हवा निघून जाईल.

मग पूर्वीसारखंच: गरम तेल, बूम अर्ध्या उंचीवर, खाली स्लीपर, इंजिन बंद. आता बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं मोजा. बूम जागच्या जागी राहिला, तर सिलिंडर निर्दोष आहे आणि तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून जात होतं. पूर्वीच्याच वेगाने उतरला, तर पिस्टनवरून जातं आहे. अर्धवट उतरला, तर दोन्हीकडे थोडं थोडं. हीच मोजणी बूम जरा वर आणि जरा खाली ठेवून पुन्हा करा, कारण कधी सिलिंडरचा बॅरल मधेच फुगलेला किंवा चरे पडलेला असतो आणि पिस्टन त्या जागी आला की तेवढ्यापुरतीच गळती होते. नवं सील अशा जागी काहीच करू शकत नाही.

यात एक सक्त अट आहे. बॉल व्हॉल्व्ह बंद असताना इंजिन सुरू करायचं नाही आणि बूमचा लिव्हर हलवायचा नाही. रॉडची बाजू बंद असताना कुणी बूम खाली दाबला तर मागच्या बाजूचा 250 बार दाब रॉडच्या बाजूला दीडपटीहून जास्त होऊन बसतो. होज किंवा तो बॉल व्हॉल्व्ह फुटेल. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा. काम संपलं की बॉल व्हॉल्व्ह काढून टाका, ‘राहू दे, कामाला येईल’ म्हणून ठेवू नका; एखाद्या दिवशी तो बंद आहे हे न कळता कुणीतरी मशीन सुरू करेल.

बारीक गळती शोधायला बोट कधीही फिरवू नका. फुटक्या होजच्या सूक्ष्म छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस फडकं बांधून कामाला लागतो. तेल आत पसरत जातं आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायची. कुणाला अशी धार लागलीच तर वाट न बघता एमवाय किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलं आहे.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचून माझा कौल सांगतो. होज चिखलात बदलला, त्यानंतर काही दिवसांत दुखणं सुरू झालं, सील बदलून काहीच फरक नाही. माझा पहिला संशय पोर्ट रिलीफ व्हॉल्व्हवर आहे. कंट्रोल व्हॉल्व्हच्या बूमच्या सेक्शनला, सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेवर हा छोटा काडतुसासारखा भाग असतो. बूमला बाहेरून दणका बसला तर जादा दाब टाकीकडे सोडून देणं हे त्याचं काम. त्याच्या बैठकीवर वाळूचा कण किंवा होजच्या रबराचा कपचा अडकला की दार कायमचं किलकिलं राहतं. इतके महिने तुमचं तेल तिथूनच टाकीत जात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यावरचा खर्च बहुतेक वेळा स्वच्छ डिझेल आणि दोन ओ-रिंगांपुरता असतो.

पण त्याच्याही आधी, एक पैसाही न लागणारी तपासणी करून घ्या. लिव्हरपासून स्पूलपर्यंत (कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये सरकून तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्यापर्यंत) जाणाऱ्या सळया आणि सांधे बघा. माळव्याची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात बारीक धूळ होऊन प्रत्येक सांध्यात भरते. रबरी बूट फाटलेला असला तर ती स्पूलच्या टोकापर्यंत पोचते. मग लिव्हर सोडल्यावर स्पूल पूर्ण मधोमध परत येत नाही, केसभर उघडा राहतो. लिंकेजची पिन काढा, स्पूल हाताने दाबून सोडा. तो झटक्यात मधे यायला हवा. आळसावून आला तर सेंटरिंग स्प्रिंग आणि टोकाची टोपी उघडून बघावी लागेल. पिन काढल्यावर बूम बसायचा थांबला, तर दुरुस्ती तिथेच संपली: सांधे धुवा, ग्रीस करा, सळईची लांबी नीट लावा.

पोर्ट रिलीफ काढताना आख्खा काडतूस काढायचा, वरच्या अॅडजस्टिंग स्क्रूला आणि लॉक नटला हात लावायचा नाही. तो किती दाबावर उघडतो हे कारखान्यात किंवा टेस्ट बेंचवर ठरतं. बूमच्या सेक्शनला असे दोन असू शकतात. तुम्हाला रॉडच्या बाजूचा हवा आहे. बैठकीवर खाच आहे का, ओ-रिंग आणि तिच्यामागची पांढरी बॅकअप रिंग कापली आहे का, भिंगाखाली बघा. धुऊन, हवा मारून, नव्या रिंगा घालून परत बसवा आणि पुन्हा दहा मिनिटं मोजा. बैठकीवर खाच पडली असेल तर काडतूस नवा घ्या, घासून ‘बरा’ करण्याच्या भानगडीत पडू नका.

चेक व्हॉल्व्हबद्दलही तुम्हाला कुणीतरी सांगेल, म्हणून लिहितो. कंट्रोल व्हॉल्व्हमधला लोड चेक व्हॉल्व्ह लिव्हर ओढण्याच्या क्षणी काम करतो. तो खराब असला तर बूम उचलायला जाताना आधी जरा खाली डुलतो आणि मग वर जातो. लिव्हर मधे असताना आपोआप बसण्याचं कारण तो नव्हे. तुम्ही असं डुलणं लिहिलेलं नाही. ऑपरेटरला विचारून खात्री करा. स्टॅबिलायझरचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच मशीनवर त्यांच्या सिलिंडरलाच चेक व्हॉल्व्ह असतात आणि पाय बसायला लागले की पहिली शंका त्यांच्यावर घ्यायची.

हे सगळं स्वच्छ निघालं आणि तरी तेल व्हॉल्व्हमधूनच जात असेल, तर स्पूल झिजला आहे. स्पूल आणि त्याचं बोअर यांच्यात रबरी सील नसतं. काही मायक्रॉनची फट आणि तिच्यातली तेलाची फिल्म, एवढ्यावरच तो तेल अडवतो. म्हणून नव्या मशीनवरसुद्धा बूम अगदी शून्य बसतो असं नसतं. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून भराभर जातं. दुपारी जास्त उतरतो हे तुमच्या ऑपरेटरचं निरीक्षण याच्याशी जुळतं, जरी बैठकीवर अडकलेल्या कचऱ्यानेही तसंच होऊ शकतं. झिजलेल्या स्पूलवर टोकाच्या ओ-रिंग बदलून काही होत नाही. त्या फक्त बाहेरची गळती थांबवतात. व्हॉल्व्ह वेगवेगळ्या सेक्शनचा असेल तर नुसता बूमचा सेक्शन बदलता येतो. एकसंध असेल तर बोअर होन करून (आतून बारीक घासून), स्पूलवर हार्ड क्रोम चढवून मापात ग्राइंड करून घेता येतो, पण हे काम मायक्रॉनमध्ये मोजणाऱ्याचंच आहे. भंगारातला अख्खा व्हॉल्व्ह घेऊ नका. तोही तुमच्याइतक्याच जुन्या मशीनमधून निघालेला असणार, त्याच्या स्पूलची झीज तुम्हाला कुणी मोजून देणार नाही, आणि तुमच्या एका सेक्शनच्या दोषापायी बाकीचे चांगले सेक्शनही जातील.

आणि निवाडा सिलिंडरच्या विरोधात गेला तर? मग मिस्त्रींबरोबर स्वतः उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. पिस्टन आणि रॉड यांच्या मधली आतली ओ-रिंग: ही पिस्टनच्या बोअरमध्ये असते, पिस्टन रॉडवरून काढल्याशिवाय दिसत नाही, आणि घाईत बाहेरची सीलं बदलून काम उरकलं की तीच जुनी राहते. तेल मग सीलवरून न जाता पिस्टनच्या पोटातून जातं. दुसरं, पिस्टनला सरळ धरणाऱ्या त्याच्यावरच्या वेअर रिंगा. त्या झिजलेल्या असतील तर पिस्टन तिरपा चालतो आणि नवं सील काही दिवसांत एका बाजूने खातो. तिसरं, बॅरलमध्ये टॉर्च टाकून चरे बघा आणि बोअर गेजने दोन्ही टोकांना व मधे व्यास मोजून घ्या. सील स्क्रूड्रायव्हरने ढकलून बसवलेलं चालणार नाही, कडा कापली जाते. किट मशीनच्या पार्ट नंबरवरून घ्या. नुसतं माप जुळतं म्हणून घेतलेलं सील 200 बारला टिकेलच असं नाही. पिस्टनचा नट मॅन्युअलच्या टॉर्कवर कसायचा, अंदाजाने नाही.

बूम आणि लोडर एकाच वेळी बसायला लागले असतील, तर आणखी एक विचार करा. जुन्या बॅकहोवर बहुधा पुढचा आणि मागचा असे दोन वेगळे कंट्रोल व्हॉल्व्ह असतात. दोघांत सामाईक काय, तर तेल. टाकीतलं थोडं तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून रात्रभर ठेवा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. तळाशी गाळ किंवा चमचम दिसली तर कचरा किंवा धातू. होज फुटल्यावर टाकी भरायला कुणी हाताशी असलेलं इंजिन ऑइल ओतलं का, हेही विचारा. मॅन्युअलमध्ये व्हीजी 46 लिहिलं आहे की व्हीजी 68 (आकडा मोठा तितकं तेल दाट), ते बघून तेच घाला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तिथे हलकं तेल घालून बूम टिकण्याची अपेक्षा धरता येत नाही. तेल बदललंत तर फिल्टर आणि टाकीचा ब्रीदरही (हवा आत-बाहेर होते ती जाळी) बदला. भरताना जाळीचं, झाकून ठेवलेलं फनेल वापरा. आणि यापुढे साइटवर होज बदलावाच लागला, तर आधी बाटलीभर डिझेलने जोड धुवायचे आणि उघडी तोंडं ताबडतोब प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करायची. टोप्यांची पिशवी मशीनच्या टूलबॉक्समध्येच असू द्या.

राहिला ऑपरेटरच्या पगाराचा प्रश्न. कापू नका. तुमच्या पत्रात त्याने मशीन झोडपल्याचा एकही पुरावा नाही. बकेटने भिंतीवर ठोके मारणं, बूम शेवटापर्यंत नेऊन आपटणं, अशा वापराने पिना आणि बुश आधी सैल होतात, वेल्डिंगला तडे जातात. ते बाबांबरोबर जाऊन बघा. नसतील तर बाबांनाही ते पटेल. शिवाय दुपारी जास्त उतरतो हे त्यानेच टिपलं, मिस्त्रींनी नाही. दिवसाचे आठ तास त्या लिव्हरवर हात असणाऱ्या माणसाला पगार कापून गप्प केलंत, तर पुढचं लक्षण तो तुम्हाला सांगणार नाही. मोजणीच्या वेळी वही त्याच्याच हातात द्या.

काम चालू ठेवायचं की थांबवायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. खोदकाम मोकळ्या जागेत असेल आणि बूमच्या टप्प्यात कुणी नसेल, तर पोर्ट रिलीफ साफ होईपर्यंत मशीन चालवायला हरकत नाही. पाइप उचलून खंदकात सोडण्याचं काम मात्र लगेच बंद करा. त्यासाठी हायड्रा (छोटी फिरती क्रेन) बोलवा. लटकता पाइप आणि त्याला हाताने वळवणारा माणूस हे दोन्ही उतरत्या बूमला बांधायचे नाहीत.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा तीन आकडे पाठवा: गरम तेलावर दहा मिनिटांत रॉड किती मिलिमीटर आला, बॉल व्हॉल्व्ह बंद करून किती आला, आणि पोर्ट रिलीफ धुतल्यावर किती आला. सोबत त्या काडतुसाच्या बैठकीचा जवळून काढलेला फोटो आणि व्हॉल्व्हवर कोरलेला नंबर. त्यावरून सेक्शन बदलायचा की होन करायचा, ते नक्की सांगता येईल.